इतिवृत्तात नसलेलं

विषय क्रमांक चार :
आपल्या मंडळीत सर्व वर्णांचे लोक यावेत म्हणून काय करता येईल.
मस्कत, घाला, खोली नंबर सहा. एसी जरा जास्तच.
कुरुविला म्हणाले, फलक लावू पाच भाषांत,
'सर्वांचं स्वागत'.
पाटोळेबाईंनी रंग सुचवला, फिका निळा.
मी लिहून घेतलं. चिटणीस मीच.

त्याच सकाळी दारात नाकाटो उभी होती.
कंपालाची. रात्रपाळी संपवून तशीच आलेली,
मॉलच्या रखवालीचा गणवेश, जड बूट.
कुणीतरी तिला अगदी हसून विचारलं,
'गाडी कुठं लावायची हो?'

हे मी लिहिलं नाही.

हेही नाही, की ती तिसऱ्या रांगेत बसली
आणि रांग विरळ होत गेली.
कुणी फोनसाठी उठलं, कुणी पोरासाठी.
कारणं सगळी खरी.
माझंही. मला एसीचा झोत लागत होता.

मी जालन्याकडचा.
आज्यानं बाप्तिस्मा घेतला तो पाण्यासाठी,
असं गाव हसून सांगायचं. खोटं नव्हतं.
विहिरीवर पाणी वरून ओंजळीत पडायचं,
मिशनच्या हौदात मात्र
कोपरापर्यंत हात बुडवता यायचा.
त्या हाताचा नातू मी,
आणि मी खुर्ची सरकवली.

प्रार्थनेनंतर ती म्हणाली,
'गाणी छान. पण दहाची वेळ कुणी ठरवली?
दहाला आमची कॅम्पची बस सुटते.
आज सोडली. टॅक्सीला चार रियाल.
तेवढं फलकावर लिहा.'

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, चार वाजता भेटू या.
दुपारी झोप असते. मुलांची शिकवणी असते.
ठराव पुढं ढकलला. अनुमोदन एकमतानं.

मग एका शुक्रवारी मॉलच्या मागच्या दाराला गेलो.
गाडी कुठं लावायची
ते नाकाटोनंच हात करून दाखवलं.
चौघी बसल्या. व्हिक्सचा वास, मांडीवर डबे.
तिनं न विचारता एसी बंद केला, काच खाली घेतली.
मागं कुणीतरी गुणगुणत होतं,
मला न येणारं काहीतरी.

पोचलो तेव्हा वाचन सुरू होतं.
सगळ्यांनी वळून पाहिलं,
माझ्याकडेसुद्धा.

इतिवृत्तात एवढंच आहे :
पाच जण उशिरा आले. खुर्च्या कमी पडल्या.