बिल्ला नंबर एकशे बारा

पुणे स्टेशनच्या सायकल स्टँडवर
जनादादानं हर्क्युलस लावली,
पितळी बिल्ला खिशात टाकला
आणि पळत गाडी पकडली.
एकाहत्तरचा नोव्हेंबर.

तारेतला एकच शब्द आईला कळेना : बेपत्ता.
शेजारच्या तिघांकडून तिनं तो वाचून घेतला.

दर एक तारखेला अण्णा
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून सुटले की
थेट स्टँडवर.
पैसे भरायचे, चाकांत हवा मारायची,
सीटवरून फडकं.
सायकल मात्र घरी आणायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी बागवान म्हणाला,
"घेऊन जा आता, अण्णा.
बिल्ला हरवला, एवढं लिहून द्या,
खाली सही. बस."
कार्बन घातलेली वही त्यानं पुढं सरकवली.

अण्णांनी पेनचं टोपण काढलं.
आत कुठलीतरी गाडी लागली,
हमालांची पळापळ, चहावाल्यांचा ओरडा,
ती सुटूनही गेली.
अण्णांनी टोपण परत लावलं.

"हरवला कुठंय?
त्याच्या खिशात आहे."

आणि पुढच्या महिन्याचे पैसे
सुटे मोजून दिले.

माझे पाय तोवर
पेडलला पुरायला लागले होते.
मी घंटी एकदाच वाजवली, हळू,
आणि अण्णांच्या मागं चालू लागलो.