हाफ मार्जिन

बत्तीस वर्षं झाशी रोडवर, महालेखाकारांच्या कचेरीत
मी लोकांचे आकडे तपासले.
आता संध्याकाळी कंपूच्या निळ्या टर्फपाशी
पत्र्याच्या सावलीत बसतो, मांडीवर लॅपटॉप,
आणि पोरींचे मोजतो.
बायको म्हणते, पेन्शन सुरू झाली, आक्षेप काही सुटले नाहीत.

कस्तूरी आदिवासी. करहल, जिल्हा श्योपूर.
वय सतरा. उजवी फुलबॅक.
सात सामन्यांत टॅकल: सहा.
सहा!
डावीकडच्या निम्मीच्या नावावर एकतीस,
दोन्ही गुडघे सोललेले, प्रत्येकावर टाळ्या.
सिकरवार सर शिटी चावत म्हणाले,
"टेंबेसाहब, ये लड़की करती क्या है?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्या तक्त्यात नव्हतं.

रात्री पंखा गरम हवा ढवळत होता,
किल्ल्याचा दगड दिवसभराची लू
शहरावर हळूहळू परत सोडत होता,
आणि मी सातही सामने पुन्हा लावले,
या वेळी चेंडूकडे न बघता.

ती मैदानावर होती दोनशे त्रेसष्ट मिनिटं.
त्या वेळात समोरच्या आपल्या डीमध्ये शिरल्या एक्केचाळीस वेळा.
ती बाकावर होती एकशे सत्तावन्न मिनिटं.
तेवढ्यात अठ्ठावन्न वेळा.
मी पेन्सिलीने परत भागाकार केला, यंत्रावर विश्वास नाही म्हणून नव्हे,
सवय म्हणून.
मग कुठून शिरल्या, ते ठिपक्यांनी मांडलं.
एक्केचाळिसातले नऊ ठिपके उजवीकडे.
बाकी तिची सगळी बाजू कोरी.

आमच्याकडे शंकेचा कागद निम्माच लिहायचे.
उरलेला अर्धा भाग मोकळा,
ज्याच्यावर शंका त्याच्या उत्तरासाठी.
हाफ मार्जिन म्हणायचो आम्ही त्याला.
कधी कधी तो तसाच कोरा परत यायचा
आणि आम्ही समजायचो, माणसाकडे उत्तर नाही.

अफरातफर सापडली की तिचा परिच्छेद होतो.
जी झालीच नाही,
कारण तिजोरीशी कुणी नुसतं जागं बसून होतं,
तिची नोंद कुठल्या वहीत घालायची?

थांबा. मी कवी नाही, लेखापरीक्षक आहे.
सातांपैकी दोन संघ अगदीच कच्चे होते.
तिच्या जागी उतरणारी कामिनी
टायफॉइडमधून नुकती उठली होती.
गोलकीपर अनेकदा ओरडून तिला जागा सांगते.
सात सामने म्हणजे काय? एका तिमाहीचं व्हाउचर.
हेही मी अहवालात लिहिलं. तिच्या बाजूने लिहितानाही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी बूट काढता काढता तिनेच विचारलं,
"काका, मेरे कितने आए?"
जणू बोर्डाची परीक्षा.
मी विचारलं, तू बघतेस कुणाकडे?
मोज्यातली काळी रबराची कणी झटकत ती म्हणाली,
बघत नाही, ऐकते.
जिला बॉल हवा असतो ती ओरडते.
जिला मिळणार असतो ती एकदम गप्प होते.
मी त्या गप्पपणाशी जाऊन उभी राहते, बस.

मी लॅपटॉप उघडला, रकान्यावर बोट ठेवलं,
आणि त्याला काय नाव द्यावं ते सुचेना.

शुक्रवारी यादी लागली.
निम्मी संघात. कस्तूरी राखीव.
माझ्या चार पानांवर कुणीतरी कप ठेवला होता,
नेमका कोऱ्या बाजूच्या ठिपक्यांवर, एक तपकिरी गोल.
सिकरवार सर म्हणाले, समिती टॅकल बघते.

मी ते पान घरी आणलं.
अर्धं दुमडलं. डावीकडे लिहिलं:
सहा टॅकल कमी का, याऐवजी
एकोणपन्नास ठिपके डावीकडे का पळाले, याचा खुलासा व्हावा.

एकोणपन्नास? एक्केचाळिसातून नऊ गेले, बत्तीस.
खोडलं. बत्तीस केलं. शेजारी सही केली.

उजवी बाजू मोकळी ठेवली आहे.
परिच्छेद निकाली निघालेला नाही.