बटण

नऊ जण होतो तेव्हा शहाणपण सोपं होतं.
पानं वाईट, टाकून द्या.
पुन्हा वाईट, पुन्हा टाका.
कॉफी प्या, खिडकीबाहेरच्या मालगाडीचे डबे मोजा,
बाकीच्यांना एकमेकांचे पैसे खाऊ द्या,
आणि कधीतरी एक्क्यांची जोडी आली
की सगळ्यांकडून वसूल करा.
नुसतं बसून राहणं हीसुद्धा चाल होती.

मग एचेव्हेरी मुलीकडे रीनोला गेला.
खाण बंद झाली तेव्हा तिघे एकदम उठले.
टॉल्बर्ट भाऊ एकाच हिवाळ्यात, आधी धाकटा.
खुर्च्या आम्ही हलवल्या नाहीत.

आता विनेमक्कातल्या या खानावळीच्या मागच्या खोलीत
(पुढच्या खोलीत तेवीस वर्षं मी मेंढपाळांना जेवू घातलं)
दर गुरुवारी ऑर्व्हिल आणि मी.

दोघांत वाट बघणं परवडत नाही.
पानं दिसण्याआधीच पैसे ठेवावे लागतात,
एकदा थोडे, एकदा दुप्पट, पुन्हा थोडे,
आणि चांगल्या पानांसाठी थांबलेला माणूस
एकही मोठा डाव न हरता संपतो,
खिशाला बारीक भोक असावं तसा.

म्हणून राणी-सत्ती,
नऊ जणांत जिच्याकडे मी ढुंकून पाहिलं नसतं,
तिला इथे पाट मांडून बसवते.
राजा एकटा आला तरी चालतो.
एक्का म्हणजे तर जावई.

आणि बटण.
दुसरीकडे पांढरी चकती असते,
आमचं खरंच बटण आहे, लाकडी,
ऑर्व्हिलच्या बायकोच्या कोटाचं.
ज्याच्यापुढे ते, तो पहिल्यांदा आधी बोलतो,
पण मधली पानं उलटली की शेवटी.
शेवटी बोलणाऱ्याने समोरच्याचं सगळं ऐकलेलं असतं.
ते माझ्यापुढे असलं की दहातले आठ डाव मी वाढवते.
नसलं की जीभ दाताखाली.

एवढं कोणीही शिकवेल.
उरलेलं माणूस बघून.

ऑर्व्हिलचा हात थरथरला की पानं जबर.
थापा मारताना तोच हात दगड.
रेल्वेत ब्रेकमन होता, भीती त्याला स्थिर करायची.
त्या थरथरीवर मी एक नवी शेगडी घेतली,
आणि दातही, वरचे.

गेल्या मार्चपासून हात थरथरतच असतो.
कप उचलताना. बटण सारताना.
मांडीवर रिकामा पडलेला असतानाही.
डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय.
मला एवढंच कळलं
की तीस वर्षं वाचलेल्या पानावर
कोणीतरी शाई सांडली.

या गुरुवारी बटण माझ्याकडे, किलवरची नव्वी-अठ्ठी.
मधे राजा, छक्की, दुर्री.
माझं काहीच नाही.
त्याने टेबलावर टकटक केली, मी पैसे लावले, त्याने भरले.
तिर्री. टकटक. लावले. भरले.
शेवटी राणी.
बाहेर मालगाडी आली होती, लांबलचक, कोळशाची.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
मी सगळी रास पुढे लोटली.

तो पानांकडे बघतच नव्हता.
गाडी जात राहिली.
"बघतो," म्हणाला,
आणि थरथरत उलटली छक्की-चौकी.

"छक्कीच्या जोडीवर? सगळे?"

"ग्रासियाना, हातात काही नसलं
की तू डबे मोजायचं थांबतेस.
ओठ बंद होतात."

"कधीपासून?"
"पहिल्या हिवाळ्यापासून."
"आणि बोलला नाहीस?"
"आठ जणांसमोर? त्यांनाही कळलं असतं."

मग आज का, हे मी विचारलं नाही.
त्याने माझी नाणी ओढून घेतली, दोन खाली पडली,
ती मीच उचलून दिली.
बटण त्याच्याकडे सरकलं. पानं मात्र मीच पिसली,
त्याला आता पिसता येत नाहीत.

दुर्री-सत्ती आली, दोन रंगांची, भिकार.
गाडी अजून संपली नव्हती.
मी खिडकीकडे बघितलं
आणि ओठ हलवू लागले:
बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस,
सगळे खोटे.