वजन आणि ओझं

इद्वलचं इंजिन चार डबे ओढतं.
पाचवा जोडला की बोगद्याच्या तोंडाशी, चढावर,
चाकं फिरतात, गाडी नाही.
बंद दारापुढे थंडीत कुणी पाय आपटावेत
तशी एका जागी गरगर,
आणि इद्वल, वय एकाहत्तर, नाकावर एकावर एक दोन चष्मे,
वेल्शमध्ये असं काही पुटपुटतो
की आईने ऐकलं असतं तर
साबणाने तोंड धुतलं असतं त्याचं.

मी नेस्ता, धाकटी बहीण.
रूळ माळ्यावर होते तोवर माझं काही म्हणणं नव्हतं.
आता ते जेवणाच्या टेबलावरून खिडकीपर्यंत गेलेत
आणि चहा आम्ही उभ्याने पितो.

पहिल्या आठवड्यात त्याने रूळ पुसले,
स्पिरिट आणि माझ्या फ्लॅनेलच्या गाऊनची बाही.
साडेचार डबे, म्हणाला.
अर्धा डबा कसा ओढतात, मी विचारलं नाही.

मग म्हणाला, दोष इंजिनाचाच कशाला?
एकेक डबा उताणा धरून चाकांवर फुंकर मारली.
तिसऱ्याचं एक चाक हलेना.
आसाला केस गुंडाळलेला, पांढरा.
माझा की त्याचा,
यावर रविवार गेला.

मग मागच्या चाकांना रबराच्या पट्ट्या.
इंजिन चढलं, पण लंगडत,
दर फेऱ्याला एक उचकी.
त्याने नखाने पट्ट्या सोलून काढल्या.
कुबडी आहे ही, म्हणाला. पकड नाही.

बेथेल चॅपल विकलं गेलं त्या महिन्यात. फ्लॅट होणार.
छपरावर काम करणारा काराडॉग
पन्हळीतली शिशाची पट्टी घेऊन आला, वर्तमानपत्रात गुंडाळून,
मासळी आणावी तशी.
याच शिशाखाली बसून आमच्या बापाने
तीस वर्षं स्वतःला पापी म्हणवून घेतलं.
इद्वलने ते माझ्या कात्रीने कापलं
आणि इंजिनाच्या धुरकोठीत ठासून भरलं.

माझा पिठाचा तराजू: आधी तीनशे ऐंशी ग्रॅम,
नंतर चारशे साठ.
पाककृतींच्या वहीत, मनुकांच्या पावाशेजारी, मी आकडे लिहिले.
लोणी, साखर, इंजिन.

आणि गाडी?
तीन डबे. तीन!
जड झालं आणि दुबळंही झालं.
इद्वल खुर्चीवर बसला, खाण बंद झाली त्या दिवशी बसला होता तसा,
हात गुडघ्यांवर, तळवे वर.

मी लोण्याची सुरी आडवी धरली, पात्याची धार वर,
आणि इंजिन तिच्यावर तोललं.
ते नाकावर पडलं.
पुन्हा ठेवलं. पुन्हा नाकावर.

अरे, म्हटलं, पुढची ही चिमुकली चाकं
ओढतात का काही?
नाही, म्हणाला. नुसती वाट दाखवतात.
मग त्यांच्या डोक्यावर चॅपल कशाला ठेवलंस?
त्यांच्यावर टाकलंस ते ओझं.
ओढणाऱ्यांवर टाकलंस तर ते वजन.

बराच वेळ तो सुरीकडे बघत राहिला.
मग शिसं उकरून मागे सरकवलं, भट्टीच्या वर,
पुढच्या बोगीची स्प्रिंग दीड वेढा तोडली,
ती उगाच नाक वर उचलत होती,
मोठ्या चाकांना रुळावर टेकूच देत नव्हती.
इंजिन सुरीवर आडवं राहिलं. थरथरलं, पण राहिलं.

पाचवा डबा बोगद्यातून वर आला
मंगळवारी, पावणेअकराला.
सहावा आमच्याकडे नाही.

खाण सुटल्यापासून हा माणूस
या घराच्या पुढे पुढे चालतो,
वाट दाखवतो, हवामान सांगतो.
बिलं, गळका नळ, आईच्या कबरीची फी
माझ्याकडे.
मीच ठेवलं तसं. बिचारा, म्हणत.

बुधवारी सकाळी विजेचं बिल
मी त्याच्या बशीखाली सरकवलं.
त्याने वरचा चष्मा काढला, खालचा पुसला.
हे कुठे भरतात, नेस्ता?

चौकात, म्हटलं. चढ आहे.
सावकाश जा.