खिसे बुजवलेलं टेबल

मुंबईहून घासून आलेले हस्तिदंती चेंडू
ज्या कागदात गुंडाळले होते,
त्यावर चार ओळींची बातमी होती.
क्लबच्या कारकुनांनी, सोंडूरकरांनी, ती वाचून दाखवली:
परदेशात, कुठल्याशा बंदराच्या गावी,
हौशी खेळाडूंची जगज्जेतेपदाची स्पर्धा.
तीन चेंडू. टेबलाला खिसे नाहीत.

"खिसं न्हाईत?" अब्बा म्हणाले,
"मग चेंडू जातोय कुठं?"
"कुठंच नाही. तुझा चेंडू बाकी दोघांना भेटला, की झाला गुण."

अब्बा, दस्तगीर शिकलगार, मार्कर,
महिना अकरा रुपये.
त्यांनी विचारलं, "हौशी म्हंजे?"
"जो पैसे घेत नाही तो."
अब्बा बराच वेळ खडूच्या ठोकळ्याकडे बघत राहिले.
"पगार खडू लावायचा मिळतोय, साहेब.
हौस फुकटचीच हाय."
सोंडूरकर हसले. नियम नियम असतो म्हणाले.

त्याच आठवड्यात चप्पल लायनीतून
भैरू सातपुत्यांनी म्हशीच्या कातड्याचे सहा तुकडे कापून दिले.
आत भुसा भरून
अब्बांनी सहाही खिशांची तोंडं बुजवली.
कातड्यावर आपटलेला चेंडू
दमलेल्या बैलासारखा तिथंच बसायचा.
असा फटका बाद, हा नियम आम्ही घरचा घातला.
तिकडं टेबल खालून ऊबदार ठेवतात, असं कुणी सांगितलं,
तर घरची शेगडी आली टेबलाखाली,
आणि त्या रात्री आमची भाकरी झाली नाही.

मी साबणाच्या खोक्यावर, मांडीवर पाटी.
नऊ वर्षांची पंच.
फ्रेंच खेळाडूसाठी अब्बा क्यू आखूड धरायचे,
डचासाठी एक डोळा मिटायचे,
बंदराच्या गावच्या माणसासाठी डावा हात.
स्वतःची पाळी आली
की वहाणा काढून ठेवायचे भिंतीशी,
पाहुण्याच्या घरात शिरल्यासारखे.

अकरा रात्री चालली स्पर्धा.
फ्रेंच पहिल्याच फेरीत गेला, त्याला खोकला होता.
डचानं चांगलं छळलं.
अंतिम सामना शुक्रवारी, क्लब बंद झाल्यावर,
दिव्यात तेल जेमतेम.

अब्बांना तीन गुण हवे होते.
पांढरा तांबड्याला घासून गेला,
कडेवर आपटला, परत फिरला, आणि ठिपक्याच्या चेंडूपाशी
बोटभर अंतर ठेवून थांबला.
मग डावा हात आला.
डाव्या हातानं सलग सात घेतले.
एकदाही थरथरला नाही.

"अब्बा, त्यो हातबी तुमचाच की."
"व्हय."
"मग जरा चुकवायचा हुता."
त्यांनी पाटी माझ्याकडून घेतली,
मी फुगवून लिहिलेला एक गुण थुंकी लावून पुसला.
"जल्मभर दुसऱ्यांचं गुण खरं पुकारलं," म्हणाले,
"आज माझ्या टायमाला लबाडी करू?"

पहाटे कातडी उपसली, भुसा झाडला,
शेगडी मी डोक्यावरून घरी नेली.

दहाला वकीलसाहेब आले,
टेबलावर तळवा टेकवला, थबकले.
"दस्तगीर, आज कापड गरम कसं?"
"ऊन आलं असंल, साहेब,"
अब्बा म्हणाले,
आणि त्या बिनखिडकीच्या खोलीत
त्यांच्या क्यूला खडू लावू लागले.
डाव्या हातानं.