रंगकामाचं बिल

जेटीच्या भिंतीवर साहेबांचं चिन्ह
मी तीनदा रंगवलं. तीन वेगळी चिन्हं.
साहेब तेच.
दुपारचं तिरकं ऊन आलं की
तिसऱ्याच्या कातडीखाली पहिली दोन्ही
गळवांसारखी वर येतात.

पहिल्याचे पैसे अजून यायचेत.
भुवड म्हणाला, तो खर्च जुन्या पक्षातला,
बिल जुन्या पक्षाकडे पाठव.
जुन्या पक्षाच्या कचेरीत आता
मोबाईलची कव्हरं मिळतात.

तसा मी मूळचा भिंतींचा नाही, होड्यांचा.
दाभोळच्या खाडीत ज्या नावा नावानिशी फिरतात
त्यांतल्या निम्म्यांची अक्षरं माझ्या मनगटातली.
नाव नसलेली नाव
बंदरखात्याच्या वहीत नुसता आकडा,
आणि बुडालीच तर
काय म्हणून हाक मारायची?

अब्बास वस्ता आणि केशव पालशेतकर, दोघांत एक नाव.
इंजिन अब्बासचं, जाळं केशवचं,
कर्ज दोघांचं.
नाळेच्या एका अंगाला 'रहेमत',
दुसऱ्या अंगाला 'चंडिका प्रसन्न'.
बाहेर पडताना धोपाव्याच्या धक्क्यावरून एक वाचता येतं,
परतताना दुसरं.
पलीकडच्या पोरांना कित्येक वर्षं वाटायचं
नावा दोन आहेत.

यंदा कोलंबीचा भाव उजाडताना एक,
टोपल्या वर येईतो दुसरा.
व्यापाऱ्याचा माणूस मोबाईलमधून मान न काढता सांगतो,
तिकडे कुणीतरी कर वाढवलाय.
केशवची बायको टोपलीवर हात ठेवून म्हणते,
"त्याला म्हायती हाय आमची कोलंबी?"
डिझेलचा परतावा अकरा महिने वाटेत आहे.
बर्फाच्या कारखान्याने 'उधारी बंद' ची पाटी करून घेतली,
माझ्याकडूनच.
तिचे पैसे मात्र रोख दिले.

मग सोसायटीची निवडणूक आली, आणि साहेब.
जेटीवर पाऊण तास बोलले,
जेटीबद्दल सोडून.
कोण इथले, कोण मागाहून आलेले,
कुणाची मुळं किती खोल.
"दर्यात मुळं?" माझ्या शेजारी अब्बास हसला,
आणि हसलेलं कुणी पाहिलं का म्हणून
मागे वळून बघितलं त्याने.
बावीस वर्षांत त्याला मी
असा वळताना पाहिलं नव्हतं.

आठवड्याने रात्री केशव घरी आला. बसला नाही.
कर्जाची यादी लागायची आहे, म्हणाला,
भुवड म्हणतो, नावेवर एकच नाव असलं तर बरं दिसेल.
कोणतं, ते त्याने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
"अब्बासशी बोललास?"
"त्यानेच तर पाठवलं मला,"
आणि दारातल्या चपला
उगाच सरळ करत राहिला.

ओहोटीला नाव वाळूवर कललेली.
शिडी अब्बासने धरली होती.
चार अक्षरं. 'ह'चं शेपूट मी नेहमी
जरा लांब सोडायचो, हौसेने.
निळा चढवत गेलो.
"शेपूट राहिलं बघ," तो खालून म्हणाला.
आवाजात काही नव्हतं,
सुतार सुताराला फळी दाखवतो तसा.
मी शेपूटही बुजवलं.

दोन हात हवे होते, मी एकच दिला.
थिनर अंमळ जास्त घातलं.
कुणी विचारलंच तर सांगेन, महागाई.
खारं पाणी आहे, वैशाखाचं ऊन आहे,
ती दोघं माझ्यासारखी
भुवडला विचारून काम करत नाहीत.

बिल लिहून ठेवलंय:
एका बाजूचं रंगकाम, मजुरीसह, सातशे.
फक्त 'कोणाच्या नावे' या शब्दांपुढची ओळ
कोरीच आहे,
आणि पेनाला टोपण लावून
मी आज तिसऱ्यांदा उठलोय.