पेटी

बाप घरात यायच्या आधी त्याचा वास यायचा,
उकळलेल्या कातड्याच्या सरसाचा.
चर्चमध्ये आमच्या बाकावर कधी दाटी झाली नाही
ती त्यामुळेच, आई म्हणायची,
आपण श्रद्धेत कमी पडतो म्हणून नव्हे.

ट्राऊगॉट वेंडलर हे त्याचं नाव.
अ‍ॅडलेडच्या बंदरावर कारकुनाने वहीत 'ट्राउट' लिहिलं,
म्हणजे एक मासा.
बापाने खाली सही केली.
त्याला वाटलं, इंग्रजीत असंच लिहीत असतील.

बोटीवर जागा एका पेटीपुरती होती.
आईची पेटी ब्रेमेनच्या धक्क्यावर राहिली,
आत तिच्या आईने विणलेल्या चादरी, लग्नातला काळा झगा.
तिच्या जागी आल्या फळ्या.
स्प्रूसच्या, थुरिंगियातल्या सावलीच्या उतारावरच्या,
जिथे झाडाला वाढायची घाई नसते;
बोटाच्या एका पेरात वीस हिवाळे मोजून घ्यावेत.
चार महिने तो त्यांच्याशेजारी झोपला.
आई दुसऱ्या बाजूला.

दोन पियानोंपुरत्या होत्या.
पहिला गेला उत्तरेला, मेंढ्यांच्या मळ्यावर,
बैलगाडीने, अकरा दिवस, गोधड्यांत गुंडाळून.
फेब्रुवारीत मालकीणबाईंचं पत्र आलं:
मध्यरात्री तुमच्या पियानोतून गोळी सुटली.
नवरा बंदूक घेऊन उठला, कुत्री अजून घरात यायला तयार नाहीत.

बाप गेला, पाहून आला.
वरपासून खालपर्यंत चीर, सुरीचं पातं आत जाईल एवढी.
पैसे परत केले. आठवडाभर बोलला नाही.
मग उरलेल्या फळ्या त्याने पत्र्याखाली आढ्याला चढवल्या.
पिऊ दे त्यांना इथलं ऊन, म्हणाला.
बरणीत कोबी मुरतो तसं लाकूड मुरतं,
झाकण उघडून सारखं बघायचं नाही.

नऊ वर्षं.
तोवर त्याने खुर्च्या केल्या, दुकानांचे गल्ले केले,
तांब्याच्या खाणीत मेलेल्यांच्या शवपेट्या.
आणि बघायचं नाही म्हणणारा तोच
रात्री शिडी लावून वर जायचा,
वाकवलेल्या बोटाने फळीवर टकटक करायचा, कान लावायचा,
आत कुणी उठतंय का ऐकावं तसा.
"अजून नाही," खाली येऊन सांगायचा.
आई विणत असायची. मान वर करायची नाही.

वाजवता त्याला येतच नव्हतं.
पाहुणे म्हणायचे, वाजवा ना काहीतरी,
तर तो एक सूर दाबायचा, त्याच्यावरचा पाचवा,
आणि हात मांडीला पुसायचा.

दहाव्या उन्हाळ्यात,
नाताळच्या मेणबत्त्या झाडावरच वितळून वाकल्या
त्या आठवड्यात, आई तापाने गेली.
फळ्या खाली आल्या.
रंध्याचा आवाज मी रात्रभर ऐकला,
पियानोसाठी घ्यायचा तितकाच हलका हात.

मला राग आला. सतरा वर्षांची होते.
जिवंतपणी बाईला एक चादर आणू दिली नाही,
आणि आता हे.

कबरीपाशी पास्टरची प्रार्थना चालू होती.
बापाने सवयीने बोट वाकवलं,
पेटीवर टकटक केलं, वाकून कान लावला.
मग सगळे बघताहेत हे कळून
हात खिशात घातला.

काय ऐकलं, मी कधी विचारलं नाही.

त्यानंतर त्याने एकच पियानो केला, कौरीच्या लाकडाचा.
तो माझ्या पुढच्या खोलीत आहे.
सूर लावणारे मिस्टर क्रॅडॉक वर्षातून दोनदा येतात,
दर वेळी सांगतात, हे लाकूड या कामाचं नव्हे, बाई.
खालचा एक सूर कितीही ताणला
तरी संध्याकाळपर्यंत उतरतो.
मी त्यांना चहा देते, शिलिंग देते,
आणि फाटकापर्यंत जाऊन सांगते,
मार्चमध्ये या.